फुकटात दिसते ते विकत काऊन घेऊन राहिले भाऊ?

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात व्यापाराच्या पानावर आजकाल डिजिटल मार्केटिंगवर बरंच छापून येते, चांगली गोष्ट आहे, आम्ही वाचतो पण. फक्त एक खटकते, की त्यात नावं येतात ती सगळी महिन्याला डॉलरमध्ये पैसे घेणाऱ्या टूल्सची, मग इतवारी-गांधीबागचा दुकानदार ते वाचून म्हणते का हे आपल्या बसचं काम नाही, आणि कोण्या एजन्सीवाल्याला बोलावून "रिसर्च करून द्या" म्हणून पैसे मोजते. त्या रिसर्चमधलं बहुतेक सगळं कोणालाही फुकटात पाहता येते, दुकानाच्या गल्ल्यावर बसल्या बसल्या, हे त्याला कोणी सांगतच नाही. तेवढ्यासाठी हे पत्र. लांबणार आहे, आधीच सांगतो.

आणि हे पण सांगून टाकतो की मी स्वतः वेबसाइट बनवून द्यायचंच काम करतो, मानेवाड्याला घरूनच, त्यामुळे हे सगळं लिहून मी आपल्याच पोटावर पाय देऊन राहिलो असं आमच्या घरच्यांचं म्हणणं आहे. असू द्या.

माझ्या मामेभावाचं कूलरचं दुकान आहे. नागपूरच्या माणसाला कूलरबद्दल काय सांगायचं, मार्च लागला की घरोघरी कूलर निघतात, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पंप उचलत नाही, टाकी गळते, सगळ्यांना एकाच आठवड्यात आठवते. तर ह्या भावाला एका एजन्सीनं (नाव लिहीत नाही, गरज पण नाही) सीझनच्या तोंडावर एक रिपोर्ट विकला. रंगीत पीडीएफ, पानोपानी ग्राफ, आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरात की तुमच्या साइटचा "अलेक्सा रँक" अमुक अमुक. आता कोणत्या साइटवर किती गर्दी त्यावरून नंबर लावणारी ती अलेक्साची साइट अमेझॉननं १ मे २०२२ लाच बंद करून टाकली, मग हा आकडा आला कुठून असं मी त्या पोराला फोनवर विचारलं तर म्हणे सर सिस्टिममधून येते. दुसऱ्या पानावर "डोमेन अथॉरिटी" लाल रंगात, फारच कमी आहे म्हणून भावाला असं भेव दाखवलं होतं की जसा काही शुगरचा रिपोर्टच आला. ही डोमेन अथॉरिटी म्हणजे मॉझ नावाच्या एका कंपनीनं साइट सर्चमध्ये किती वर येऊ शकते ह्याचा १ ते १०० मध्ये लावलेला स्वतःचा अंदाज आहे, गूगलचा आणि त्याचा काही संबंध नाही, आणि तो आकडा पण त्यांच्या साइटवर फुकटच दिसते.

पण खरी गंमत तिसऱ्या पानावर होती. गूगल ट्रेंड्सचा (कोणता शब्द कधी जास्त शोधला जाते ते दाखवणारं गूगलचं फुकट टूल) ग्राफ चिकटवला होता आणि खाली लिहिलं होतं की मे महिन्यात १०० लोकांनी कूलर सर्च केला. अरे बाबा, पूर्ण महाराष्ट्रात मे महिन्यात शंभरच लोक कूलर शोधतात काय? ट्रेंड्समध्ये माणसं मोजतच नाहीत. तुम्ही जो काळ निवडला त्या काळात त्या शब्दाचा शोध एकूण शोधांच्या मानानं सगळ्यात जास्त जेव्हा झाला त्याला ते १०० धरतात आणि बाकी सगळं त्याच्या हिशोबानं, म्हणजे ५० दिसलं तर त्या टोकाच्या अर्धं, एवढंच. हे एवढं समजलं की मग ट्रेंड्स लय कामाचं आहे. २००४ पासूनचा डेटा आहे त्यात, पाच शब्द एकमेकांसमोर ठेवून पाहता येतात, इंडियाच्या खाली महाराष्ट्र निवडता येते आणि डेटा पुरेसा असला तर खाली शहरांची यादी पण येते.

मी भावाला दुकानातच मोबाइलवर उघडून दिलं, म्हटलं तूच टाक. त्यानं "एअर कूलर" टाकलं, मागचे पाच वर्षं निवडले, आणि पाच डोंगर एकामागे एक उभे राहिले, फेब्रुवारीच्या शेवटाकडून चढाई सुरू, एप्रिल-मे मध्ये टोक, आणि पाऊस लागला की धाडकन खाली. तो म्हणे हे तर मला माहीतच आहे, ह्यात नवीन काय. बरोबर आहे, सीझन त्याला माझ्याहून जास्त कळते. पण त्याच्या साइटवर नवीन मॉडेलचे फोटो आणि रेट चढायचे एप्रिलमध्ये, माल दुकानात आल्यावर, सवड मिळाली की. आणि गूगल काही आज टाकलेलं पान उद्या वर आणून ठेवत नाही, त्याला ते शोधायला, वाचायला, कुठं बसवायचं ते ठरवायला वेळ लागते, कधी काही दिवस कधी काही आठवडे. म्हणजे पान जानेवारीतच तयार पाहिजे, नवतपा लागल्यावर नाही. हा निष्कर्ष त्या रंगीत पीडीएफमध्ये कुठंच नव्हता, त्याचे पैसे मात्र घेतले होते.

आता लोक नेमकं काय टाइप करतात ते पाहायचं तर गूगलचंच कीवर्ड प्लॅनर आहे. ते गूगल अॅड्सच्या आत लपवून ठेवलं आहे, आत जायला अकाउंट उघडायला लावते, कार्डाची माहिती मागते, कॅम्पेन बनवायला लावते, तिथंच लोक घाबरून बाहेर येतात. ती कॅम्पेन लगेच पॉज करून ठेवता येते, गूगल स्वतःच्या मदतीच्या पानावर तसं सांगते, पण पॉज करायला विसरू नका नाहीतर जाहिरात चालू होऊन जाईल आणि मग हे पत्र घेऊन माझ्या घरी याल. जाहिरातीवर पैसे लावत नसाल तर ते नेमका आकडा दाखवत नाही, शंभर ते हजार, हजार ते दहा हजार असे मोघम पट्टे दाखवते. चालते तेवढं. आपल्याला कळायचं असते की "कूलर पंप" जास्त की "कूलर पॅड" जास्त, तेवढं त्यात कळून जाते. लोकेशनमध्ये पूर्ण भारत ठेवू नका, नागपूर टाका. मराठी शब्दांना बरेचदा नुसती रेघ येते, त्याचा अर्थ कोणी शोधतच नाही असा नाही, त्याच्याजवळ दाखवण्याइतका डेटा नाही एवढाच आहे. मग सोपा उपाय, मोबाइलवर इन्कॉग्निटो (ब्राउझरची खाजगी खिडकी) उघडा, "कूलर" लिहून थांबा, खाली गूगल जे सुचवते ते वाचा, नंतर एकेक अक्षर टाकत जा. ह्याला पैसे नाही, लॉगिन नाही.

पण साहेब, हे सगळं एका बाजूला आणि सर्च कन्सोल एका बाजूला. मला विचाराल तर दुकानदारानं बाकी काहीच नाही पाहिलं तरी चालेल, एवढं पाहावं. आधी ह्याला वेबमास्टर टूल्स म्हणायचे, २०१५ मध्ये नाव बदललं. बाकीची टूल्स जगाचा अंदाज देतात, हे तुमच्याच साइटचं सांगते, की लोकांनी काय शोधलं तेव्हा तुमचं पान गूगलमध्ये दिसलं, किती वेळा दिसलं, त्यातले किती जण आत आले, सरासरी कितव्या नंबरवर होतं. सोळा महिन्यांपर्यंतचा डेटा ठेवते, म्हणजे मागचा सीझन आणि हा सीझन बाजूबाजूला ठेवून पाहता येते, कूलरवाल्याला आणखी काय पाहिजे.

भावाच्या साइटचं उघडलं तर काय दिसावं, त्याला वाटे लोक नवीन कूलर घ्यायला येतात, आणि यादीत वर कोण तर हनीकोम पॅडचे साइज आणि पंप किती वॅटचा लागते असले प्रश्न. म्हणजे ज्यांच्या घरी जुना कूलर आहे अशी मंडळी. पान हजारो वेळा दिसून राहिलं आणि क्लिक नावालाच, कारण पानाचं टायटल होतं नुसतं "होम". गूगलमध्ये समोरच्याला निळ्या अक्षरात "होम" दिसते, तो कशाला उघडेल? आम्ही पॅडच्या साइजचं एक साधं वेगळं पान केलं, त्यात इंचांत मापं, कोणत्या बॉडीला कोणतं बसते ते, आणि टायटलमध्ये तेच लिहिलं. दुकानात आता माणसं मोबाइलवर ते पान उघडून दाखवतात की हे द्या. पॅड घ्यायला येते तो पंप पण नेते, आणि कधीमधी म्हणते जाऊ द्या, नवीनच दाखवा.

आता ज्या कारणानं मी पेटून हे लिहायला बसलो ते. हे सर्च कन्सोल, अॅनालिटिक्स (साइटवर कोण किती आले ते मोजणारं गूगलचं टूल), गूगलवरची दुकानाची लिस्टिंग, आणि डोमेन म्हणजे साइटचा पत्ता, सगळंच्या सगळं त्या एजन्सीच्या जीमेलवर होतं. भावाजवळ एकाचाही पासवर्ड नाही. सोडतो म्हटल्यावर त्यांनी फोन उचलणं बंद केलं. आणि हे एकट्या त्याचं नाही, सदरला विचारा, धरमपेठला विचारा, बर्डीवर विचारा, दर चार दुकानांमागे कोणी ना कोणी हेच सांगेल की लिस्टिंगवर जुन्या पोराचा नंबर आहे आणि बदलता येत नाही. दुकानाचं शटर आपलं, वीजबिल आपल्या नावावर, आणि गूगलवरचं दुकान दुसऱ्याच्या नावावर, असं कसं चालेल?

तर तपासायचं कसं ते लिहितो. डोमेन ज्याच्याकडून घेतलं त्याचं बिल मागा आणि अकाउंटमध्ये ईमेल कोणाचा आहे पाहा, तुमचाच पाहिजे, दर वर्षी रिन्यू होते ते, एक वर्ष कोणी भरलं नाही तर गेलं. डोमेन हातात असलं की त्याच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या अकाउंटमधली सेटिंग) गूगलनं दिलेली एक ओळ टाकून सर्च कन्सोलची ओनरशिप परत आपल्या नावावर करता येते, कोणाच्या पाया पडायची गरज नाही. सेटिंग्जमध्ये युजर्स आणि परमिशन्स असं आहे, तिथं ओनर म्हणून तुम्ही, आणि एजन्सीला फक्त युजर म्हणून घ्या, काम झालं की काढून टाका. लिस्टिंग दुसऱ्याकडे असेल तर गूगलवरूनच ओनरशिपची रिक्वेस्ट पाठवता येते. अॅनालिटिक्सचं मात्र कठीण आहे, त्यांच्या अकाउंटमध्ये असेल तर त्यांनी दिल्याशिवाय जुना डेटा मिळत नाही, नवीन उघडून शून्यापासून सुरुवात. म्हणून पहिल्याच दिवशी आपल्या जीमेलवर उघडा आणि मग त्यांना आत घ्या, उलटं नाही.

लिस्टिंगचं निघालंच आहे तर, "तुमची गूगलवरची लिस्टिंग आज बंद होणार, चालू ठेवायची तर इतके भरा" असे फोन येतात ना, ते गूगलचे नसतात. ही लिस्टिंग, म्हणजे गूगलचं बिझनेस प्रोफाइल, फुकट आहे. आणि त्यात परफॉर्मन्स म्हणून एक पान आहे, किती लोकांनी तिथून फोन लावला, किती जणांनी दुकानाचा रस्ता पाहिला, काय शोधून आले, सगळं दिसते. ज्याची वेबसाइट नाही त्याला तर हाच रिसर्च पुरे, खरं सांगतो.

शेजारचा काय करून राहिला ह्यात आपल्या लोकांना फार रस, तर त्याचीही सोय आहे. मेटाची अॅड लायब्ररी उघडा, समोरच्याच्या पेजचं नाव टाका, फेसबुक-इन्स्टावर त्याच्या आता चालू असलेल्या जाहिराती आणि कोणत्या तारखेपासून चालू आहेत ते दिसते. पैसे किती लावले ते आपल्याकडे राजकीय आणि सामाजिक विषयाच्या जाहिरातींनाच दिसते, कूलरवाल्याचं दिसणार नाही. पण एखादी जाहिरात दोन-दोन महिने चालूच असेल तर ती त्याला परवडून राहिली असेल असा अंदाज लावायला हरकत नाही. गूगलनं पण २०२३ मध्ये असंच जाहिरातींचं ट्रान्सपरन्सी सेंटर काढलं. आणि वेबॅक मशीन, इंटरनेट अर्काइव्हचं, २००१ पासून लोकांसाठी उघडं आहे, त्यात कोणत्याही साइटचा पत्ता टाकला की ती जुन्या तारखांना कशी दिसत होती ते पाहता येते, प्रत्येक पान असेलच असं नाही. ह्याचा आणखी एक उपयोग असा झाला की भावाच्या साइटवर आधी जो मजकूर होता तो एजन्सीनं उडवल्यावर आम्ही तिथूनच उचलून आणला.

पैसेवाल्या टूल्सचे जे फुकट तुकडे मिळतात, कोणत्या साइटवर किती लोक येतात त्याचा अंदाज देणारं सिमिलरवेब वगैरे, त्यांच्या आकड्यांवर आपल्यासारख्यांनी फार जाऊ नये. मोठ्या साइटचं ठीक आहे, पण दुकानदाराच्या साइटवर गर्दीच एवढी कमी की त्यांच्याजवळ अंदाज लावायलाच काही नसते, मग कुठं "डेटा नाही" येते नाहीतर काहीतरी भलतंच. अहरेफ्सचं वेबमास्टर टूल्स त्यातल्या त्यात चांगलं, स्वतःची साइट व्हेरिफाय केली की कोण तुम्हाला लिंक देते आणि कुठं काय तुटलं आहे ते फुकटात सांगते.

पान किती वेगानं उघडते ते मोजणाऱ्या गूगलच्या पेजस्पीड इन्साइट्सवर एकदा साइट टाकून पाहाच. पानातलं मोठं चित्र किंवा मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे असं गूगलचं माप आहे, आणि आमच्या दुकानदारांचे फोटो थेट मोबाइल कॅमेऱ्यातून काढून पाच-पाच एमबीचे चढवलेले असतात, बाकी रोग शोधायची गरजच नाही. मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी पण फुकट आहे, आलेला माणूस पानावर कुठं बोट लावते, कुठून परत जाते त्याचं रेकॉर्डिंग दाखवते. त्यात आम्हाला दिसलं की लोक वरच्या बॅनरवरच्या फोन नंबरवर टकटक बोट मारून राहिले, आणि तो नंबर होता फोटोत, लागणार कसा? एक एक जण तीनदा-चारदा मारून निघून जायचा. तो नंबर टॅप केला की लागेल असा केला, अर्ध्या तासाचं काम. फक्त असलं टूल लावलं तर साइटवर तसं लिहून ठेवा, येणाऱ्याला माहीत असलं पाहिजे की त्याचं वागणं पाहिलं जाते, आता २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा पण आला आहे.

सरकारी गोष्टी तर लोक विसरूनच जातात. डेटा डॉट गव्ह डॉट इनवर फुकट आकड्यांचा ढीग आहे, २०११ च्या जनगणनेत घरं किती, कोणत्या घरात काय सामान आहे ते पण आहे, जुनं झालं ही गोष्ट खरी. आणि कूलरवाल्यासाठी सगळ्यात मोठं मार्केट रिसर्च म्हणजे हवामान खातं. आपल्या नागपूरलाच प्रादेशिक केंद्र आहे, त्यांचा येत्या दिवसांचा पारा किती राहील तो अंदाज आणि उन्हाळ्याच्या तोंडावर येणारा पूर्ण सीझनचा अंदाज, दोन्ही साइटवर फुकट. भाऊ आता माल भरायच्या आधी ते पाहते, त्याच्या एजन्सीला हे कधी सुचलं नाही.

फुकट म्हणजे ह्या कंपन्या धर्मादाय करून राहिल्या असं पण समजू नका. प्लॅनर जाहिरात विकायलाच बनवलं आहे, दर पानावर "बजेट वाढवा" म्हणून मागे लागते, आणि तुमचा डेटा त्यांच्याचकडे जाते. डोळे उघडे ठेवून वापरायचं. आणि एजन्सी सगळ्याच वाईट असंही माझं म्हणणं नाही, चांगलं काम करणारी पोरं आयटी पार्ककडे मी स्वतः पाहिली आहेत, जाहिरात चालवायला, फोटो काढायला, मजकूर लिहायला पैसे द्यावेच, ती मेहनत आहे. पण ट्रेंड्सच्या स्क्रीनशॉटचे देऊ नका.

तुम्हाला विनंती दोन. एक, व्यापाराच्या पानावर आठवड्याला एक छोटा चौकोन ह्यासाठी द्या, एका वेळी एकच टूल, मराठीत, कुठं दाबायचं तिथपासून, आणि लिहिणाऱ्याची स्वतःची एजन्सी असेल तर ते खाली छापा, माझ्यासहित. दोन, त्या पानावर एजन्स्यांचे जे लेख येतात त्यातले पैसे घेऊन छापलेले कोणते ते वर स्पष्ट लिहीत जा, आमच्यासारख्याला कळते पण गांधीबागच्या काकांना ती बातमीच वाटते.

पत्र मोठं झालं हे मलाही दिसून राहिलं, कापायचंच असेल तर डोमेन आणि सर्च कन्सोल आपल्या नावावर कसं करायचं तेवढा पॅरा ठेवा, बाकी उडवलं तरी राग नाही.

आपला,
एक नियमित वाचक
मानेवाडा, नागपूर